डायची पुडी कुठं ठेवायची?

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत माझ्या थोरल्या भावाचं सलून आहे आणि मी बार्शीत औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. केसांचा डाय आमच्या दोघांच्याही हातून जातो. तो डोक्याला लावून देतो, मी काउंटरवरून पाकीट देते. तरी या एका गोष्टीवर आमचं पटत नाही. दादाच्या मते मी गिऱ्हाइकाला नसती धास्ती घालते. माझ्या मते तो त्यांना नको इतकं निर्धास्त करतो. गेल्या वेळी वाशीला गेले तेव्हा दुकानात दुपारची उसंत होती आणि बोलणं लांबलं. ते इथं देते. त्याच्यापुढं नीट मांडता आलं नाही ते मध्येमध्ये माझ्या शब्दांत घालते, कारण ही वस्तू बहुतेक घरांत मोरीच्या फळीवर पडलेली असते आणि तिच्याबद्दल धड कुणी बोलत नाही.

दादा : तुझं काय गं हे, माणूस डाय मागायला आला की आधी त्याला भीती घालायची! ब्रश धरून माझी उमर गेली. गावातले गुरुजी, ड्रायव्हर, नवरदेवाचे बाप, किती जणांची डोकी काळी केली. कुणाला काय झालं?

मी : कुणालाच काही नाही?

दादा : खाज येते एखाद्याला. कानामागं पुरळ उठतं. दोन दिवसांत जातं.

मी : आणि पुढच्या वेळी?

दादा : पुढच्या वेळी तो दुसऱ्या कंपनीचा मागतो.

मी : मला हेच म्हणायचंय. दहा वेळा लावला आणि काही झालं नाही, म्हणून अकराव्या वेळी होणार नाही असं नसतं. अ‍ॅलर्जी आधी अंगात मुरते. शरीर एकदा ते रसायन ओळखून ठेवतं आणि पुढं कधीतरी ते पुन्हा आलं की त्याच्यावर तुटून पडतं. कानामागचं पुरळ ही त्याची पहिली सूचना. त्यानंतर लावलेल्या डायनं डोळे मिटेपर्यंत तोंड सुजू शकतं. कंपनी बदलून काय होणार? पाकीट नवं, आतलं रसायन तेच.

दादा : म्हणजे ज्याला एकदा खाजलं त्यानं पांढरंच राहायचं?

मी : त्यानं तो डाय पुन्हा लावायचा नाही. चामडीच्या डॉक्टरला दाखवायचं आणि नक्की कशाची अ‍ॅलर्जी आहे ते तपासून घ्यायचं. ती एकदा जडली की सहसा जन्मभर सोबत राहते.

त्या रसायनाचं नाव पॅराफेनिलिनडायअमाईन, धंद्यातले लोक पीपीडी म्हणतात. दादानं एका गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकच्या वाटीत पुडी कालवली तेव्हा मी बघत बसले होते. आधी मळकट, फिकट करडा लगदा झाला. ब्रश घेईपर्यंत तो कडेनं तपकिरी पडला. दादाचा हात कल्ल्यांपर्यंत पोचला तोवर वाटीत वर काळीशार साय धरली होती, आणि ब्रशनं ती मोडली की खालचा लगदा अजून फिकाच. काळा रंग पुडीत तयार नसतो. वाटीत आणि केसात तो हवेतल्या प्राणवायूनं आणि मिसळलेल्या पेरॉक्साइडनं बनत जातो. पीपीडीचे बारीक रेणू केसाच्या आत शिरतात, तिथं एकमेकांना जुळून मोठे होतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून डाय साबणानं धुऊन निघत नाही. जे रेणू अजून पुरते जुळलेले नाहीत, तेच कातडीला सगळ्यात जास्त बाधतात. पॅरिसमध्ये यूजीन श्यूलर या रसायनतज्ज्ञानं 1907 मध्ये असा डाय बनवून तिथल्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली; पुढं लॉरियाल कंपनी उभी राहिली ती त्यातून. शंभरावर वर्षं उलटली तरी पक्क्या काळ्या रंगासाठी आजही याच कुळातली रसायनं वापरतात. अमेरिकेतल्या स्पर्श-अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांची संघटना दरवर्षी एका पदार्थाकडं डॉक्टरांचं लक्ष वेधते, 2006 मध्ये तिनं पीपीडी निवडलं होतं.

दादा : बरं, मग सांग, करायचं काय?

मी : पाकिटावर लिहिलेलं करायचं. ते पाकीट दे इकडं. नाही, तूच वाच.

त्यानं चष्मा लावला, पाकीट दाराच्या उजेडाकडं धरलं, मग मोबाइलची बॅटरी लावली. मराठी ओळी होत्या, पण मुंगीच्या पायाएवढ्या. वाचता वाचता तो दोनदा थांबला.

आपल्याकडं सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत हे ठरलेलं आहे. पीपीडी किंवा तत्सम रंग असलेल्या डायच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही लेबलांवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा हवा: यानं काहींच्या कातडीला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्या, आणि हा डाय भुवयांना वा पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. शिवाय चाचणी कशी घ्यायची याच्या सूचनाही पाकिटात हव्यात. कानामागं किंवा कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला जागा साबणानं स्वच्छ करायची, कालवलेल्या डायचा ठिपका लावायचा, वाळू द्यायचा, चोवीस तासांनी हलक्या हातानं धुवायचा. लाली, खाज, सूज काही नसेल तरच पुढं जायचं. आणि हे पहिल्याच वेळी करून भागत नाही, दर वेळी करायचं असतं. मी स्वतः धुतल्यावरही आणखी एक दिवस थांबायला सांगते, कारण ही अ‍ॅलर्जी बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी वर येते.

दादा : चोवीस तास! आणि वर आणखी एक दिवस! अगं, येरमाळ्याच्या चैत्री यात्रेच्या आदल्या दिवशी इथं पाय ठेवायला जागा नसते. तो माणूस शेतातून आलाय, त्याला रात्रीच्या गाडीनं येडेश्वरीला जायचंय. त्याला म्हणू, कानामागं ठिपका लावतो, परवा ये? तो उठून पलीकडच्या दुकानात जाईल.

मी : जाऊ दे.

दादा : तुला जाऊ दे म्हणायला काय जातं! तुझ्या दुकानात औषधं आहेत. मला डोकीच आहेत.

मी : मग यात्रेच्या आठ दिवस आधी केस कापायला येतो, तेव्हाच ठिपका लाव. तुला ठाऊक असतं कोण डाय करणार ते.

दादा : ते तुझ्या पुस्तकात ठीक आहे.

यावर तो हटला नाही. मला त्याचा राग येत नाही, कारण त्याची अडचण खरी आहे. कायद्यानं चाचणी सांगितली, पण ती करायला लागणारा एक दिवस गिऱ्हाइकाकडंही नसतो आणि सलूनवाल्याकडंही. तरी ती अशी धाब्यावर बसवावी, हे मला पटत नाही.

मी : भुवयांचं काय? त्या तरी सोडतोस ना?

दादा गप्प झाला. मग म्हणाला, म्हातारी माणसं मागतात. डोकं काळं आणि भुवया पांढऱ्या, कसं दिसतं ते. वाटीत उरलेला असतो, ब्रशचं टोक फिरवतो.

मी : ते आजपासून बंद कर, दादा. यात मी एक इंच मागं येणार नाही.

अमेरिकेत 1930 च्या दशकात पापण्या-भुवयांना लावायचा लॅश ल्यूर नावाचा डाय निघाला होता. त्यात पीपीडीच्याच कुळातलं रसायन होतं. बायकांचे डोळे सुजले, बुबुळांना जखमा झाल्या, काहींची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. तेव्हा तिथल्या सरकारला सौंदर्यप्रसाधनांवर कारवाई करण्याचा अधिकारच नव्हता. तो 1938 च्या कायद्यानं मिळाला आणि लॅश ल्यूर जप्त झाला. दादाच्या पाकिटावर भुवया-पापण्यांची जी बारीक ओळ आहे, तिच्यामागं अशी डोळे गमावलेली माणसं आहेत. डोळ्यात चुकून गेलाच तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा, चोळायचा नाही आणि डॉक्टरकडं जायचं. दूध नको, गुलाबपाणी नको.

दादा : म्हणून तर मी बायांना काळी मेंदी सांगतो. झाडपाल्याची. तिनं काही होत नाही.

मी : दादा, मेंदीचा रंग कसा असतो?

दादा : लाल. तांबूस.

मी : मग काळी कुठून आली?

मेंदीच्या पानातला रंग लालसर नारिंगी चढतो, आणि त्यालाही काही तास लागतात. अर्ध्या तासात केस काळेभोर करणाऱ्या मेंदीत काहीतरी मिसळलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा पीपीडीच असतं. पाकिटावर पानाचं चित्र काढून किंवा हर्बल छापून ते जात नाही. अमोनिया नाही असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी त्याचा पीपीडीशी संबंध नाही, त्या दोन वेगळ्या वस्तू. सुदानमध्ये मेंदी लवकर आणि काळी चढावी म्हणून बाया तिच्यात पीपीडीचा खडा कुटून घालत आल्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यापायी श्वास कोंडलेले रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. आपल्याकडं लग्नात लहान मुलींच्या हातावर काळ्या मेंदीचे कोन उठतात, त्याची मला डायइतकीच धास्ती वाटते. त्या कोवळ्या कातडीत एकदा अ‍ॅलर्जी शिरली की ती मुलगी मोठी होऊन पहिल्यांदा केस रंगवेल त्या दिवशी वर येऊ शकते. युरोपात डायच्या पाकिटावर दोन इशारे असतात: सोळा वर्षांखालच्यांसाठी हा नाही, आणि काळ्या मेंदीची नक्षी काढून घेतली असेल तर धोका वाढतो.

ज्याला खरोखर झाडपाला हवा, त्यानं निखळ मेंदी लावून धुवावी आणि वरून निळीच्या पानांची पूड लावावी. बऱ्यापैकी काळपट रंग येतो. अर्धा दिवस जातो खरा. नीळ निखळ आहे ना, एवढं मात्र बघून घ्यावं.

दादा : अर्धा दिवस! बाई, तू कुणाशी बोलतेस? इथली माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादम उचल देताना जोडीकडं बघतो. केस पांढरे दिसले की म्हणतो, हे आता वाकत नाहीत. दुसरा एक जण पुण्याला वॉचमनच्या नोकरीला गेला, साहेबानं तोंडावर सांगितलं, म्हातारा माणूस नको. तो इथं आला, डाय केला, मिशीला लावला, परत गेला, नोकरी लागली. त्याला चार पैशांच्या पुडीनं पोट मिळालं. तुम्ही शहाणी माणसं म्हणता, केस पांढरे असले तर काय बिघडलं. त्याचं बिघडतं.

यावर माझ्याकडं तोडीस तोड उत्तर नव्हतं आणि मी ते शोधलंही नाही. डाय लावणं ही हौस आहे असं गृहीत धरून पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. वाशी-भूमसारख्या तालुक्यांत ती पुष्कळदा रोजीरोटीची गोष्ट असते, आणि विधवा बाईनं केस काळे केले तर गाव काय म्हणेल हे झुगारून कुणी लावते तेव्हा तो तिच्या मनाचा हक्क असतो. माझं भांडण डायशी नाही. तो नीट लावावा आणि नीट ठेवावा, इतकंच.

मी : ते मान्य. म्हणून तर हळू सांगतेय. कंगव्यानं टाळू खरचटलेली असेल तर लावू नका. त्याच दिवशी खसखसून डोकं धुऊन लावू नका. कपाळ, कान, मानेच्या कडेला व्हॅसलीन लावा. हातमोजे घाला. स्टीलच्या वाटीत कालवू नका, धातूशी पेरॉक्साइडची क्रिया होते. प्लास्टिक, काच, चिनीमाती घ्या. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवल्यानं रंग वाढत नाही, जळजळ वाढते. आणि आधी तुझी बोटं दाखव.

त्यानं हात मागं घेतला. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा यांच्या पेरांवर कातडी जाड होऊन चिरलेली, भेगांत काळं बसलेलं, नखांच्या मुळाशी सुकलेली खपली. अंगठ्याच्या बाजूला दोन पांढरट डाग होते, रंग उडाल्यासारखे. डायनं असे डाग पडू शकतात, लोक त्यांना कोड समजून धास्तावतात.

दादा : मोजे घातले की केस धरता येत नाहीत.

मी : कापताना काढ, डाय लावताना घाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2010 च्या अहवालात घरी डाय लावणाऱ्यांबद्दल ठाम काही म्हणता येत नाही असं सांगितलं, पण रोज हा धंदा करणाऱ्या न्हावी-ब्यूटीपार्लरवाल्यांचं काम मात्र बहुधा कर्करोगाचा धोका असलेल्या गटात घातलं. गिऱ्हाइकाच्या डोक्यापेक्षा तुझ्या हातांची काळजी मला जास्त आहे.

त्यानं ते ऐकून घेतलं. मोजे आणीन म्हणाला. मी पाठवून देते म्हटलं.

यापुढचं बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते डोक्याबद्दल नव्हतं, फळीबद्दल होतं.

मी : घरी वहिनी पुडी कुठं ठेवते?

दादा : मोरीत. साबण, शाम्पूच्या पुड्या असतात तिथंच. सगळी तिथंच ठेवतात.

मी : शाम्पूची पुडी आणि डायची पुडी, लांबून सारखीच दिसते. तुझा नातू दातानं शाम्पूची पुडी फोडतो, मी बघितलंय. आणि उरलेला डाय?

दादा : चहाच्या कपात असतो. दुसऱ्या दिवशी मिशीला होतो. कुणी बाटलीत भरून ठेवतं.

मी : कसल्या बाटलीत?

दादा : जी असेल ती. खोकल्याच्या औषधाची.

वाशी तालुक्यातल्या तेरखेड्यात फटाके बनतात. तिथली माणसं स्फोटांतून शिकली आहेत. दारू कुठं ठेवायची, चूल किती लांब हवी, पोरांना कुठवर येऊ द्यायचं, हे तिथल्या कामगाराला कुणी नव्यानं सांगावं लागत नाही. तीच सावधगिरी डायच्या पुडीला लावायला हवी, कारण ती पोटात गेली तर केसांचा प्रश्न राहत नाही. पीपीडी पोटात गेलं की काही तासांत तोंड, जीभ, मान सुजते आणि श्वास अडतो. मग अंगातले स्नायू मोडायला लागतात, लघवी गडद तपकिरी होते, मूत्रपिंडं बंद पडतात, हृदयावर येतं. यावर उतारा म्हणावं असं औषध नाही. वेळेवर पोचलेला माणूस डॉक्टर वाचवतात: श्वासाची वाट मोकळी ठेवून, शिरेतून भरपूर सलाइन देऊन, गरज पडली तर डायलिसिसवर घेऊन. आंध्र-तेलंगणातल्या आणि झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं लिहिलं आहे. वाशीहून बार्शी किंवा धाराशिव गाठायला तासभर धरा, सोलापूर त्याहून लांब. म्हणून घरी काही करत बसायचं नाही. ओकारी काढायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही. तोंडातलं पुसून चूळ भरायला लावायची, 108 ला फोन लावायचा, पाकीट सोबत घ्यायचं आणि आधी जवळचा सरकारी दवाखाना गाठायचा, म्हणजे श्वास तरी सांभाळला जातो. पोर हसत-खेळत असलं तरी न्यायचं, सूज मागून येते. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या नंबरवर दिवसरात्र सल्ला देतं. डॉक्टरलाही तो नंबर उपयोगी पडतो.

दादा : लेकरांचं समजलं. पण मोठं माणूस कशाला खाईल?

मी : रागात. दादा, तुला ठाऊक आहे.

त्याला ठाऊक होतं. आपल्या भागात कुणाला ठाऊक नाही! निकाल लागतो, घरात बोलाचाली होते, कर्जाचा माणूस दारात येऊन जातो, आणि जवळ असेल ते हाताला लागतं. त्या वेळचं वादळ बहुतेकदा थोड्या वेळाचं असतं. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसेल, कुणी जवळ येऊन बसलं, तर माणूस त्यातून पार होतो आणि पुढं जगतो. श्रीलंकेनं 1995 पासून सर्वांत घातक कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. तिथल्या माणसांची दुःखं संपली नव्हती. हाताशी असलेली वस्तू लांब गेली होती. औषध-फवारणीच्या डब्याला कुलूप लावा असं आपण शेतकऱ्याला सांगतो, तेच मोरीच्या फळीला लागू आहे. घरात कुणी गप्प गप्प असेल, जेवत नसेल, जीव नकोसा झाला म्हणत असेल, तर त्याच्याशी उघड बोलावं. विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा नंबर रात्रीबेरात्रीही उचलतात, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

दादा बराच वेळ वस्तरा पुसत राहिला.

दादा : कुलूप म्हणतेस. किती घरात कुलपाचं कपाट आहे? एक ट्रंक असते, तिच्यात पोरीचे दागिने आणि सातबारा.

मी : तिच्यातच ठेव. दागिन्यांशेजारी.

दादा : त्यापेक्षा ठेवूच नये. लागेल तेव्हा एक पुडी आणायची, फोडायची, लावायची, संपवायची. पाचाची माळ घरी टांगायचीच कशाला?

हे त्यानं सांगितलं आणि मला ते माझ्या कुलपापेक्षा बरं वाटलं. मी इतकी वर्षं ठेवायचं कसं हेच सांगत आले. घरात साठाच नसेल तर कपाट, कुलूप, उंची हे सगळे प्रश्न उरत नाहीत. तरी ज्यांच्याकडं पाकीट उरतंच, त्यांनी ते मूळ खोक्यातच ठेवावं, दुसऱ्या बाटलीत ओतू नये, ऊन आणि ओल लागू देऊ नये. नुसतं उंचावर ठेवणं पुरत नाही, चार वर्षांचं पोर डब्यावर डबा रचून माळ्यापर्यंत जातं. आणि पेरॉक्साइड घालून कालवलेला डाय झाकणबंद बाटलीत कधीच भरू नये. आत वायू साचत राहतो आणि बाटली फुटते.

दादा : मग उरलेला टाकायचा कुठं? नालीत टाकला तर पुढं म्हशी तोंड घालतात.

मी : मुळात उरेल इतका कालवू नको. उरलाच तर संडासात टाकून वरून भरपूर पाणी ओत, उघड्या नालीत नको. रिकामी पुडी कातरून कचऱ्यात, म्हणजे कुणाच्या हाती सबंध लागणार नाही.

दादा : आणि न वापरलेली, जुनी झालेली?

मी : घनकचऱ्याच्या नियमांत घरातल्या घातक कचऱ्यासाठी वेगळ्या संकलन केंद्राची तरतूद आहे.

दादा : वाशीत दाखव ते केंद्र.

मला दाखवता आलं नाही. जुन्या, न फोडलेल्या पुड्या मी सोबत बार्शीला घेऊन आले. आमच्या दुकानातल्या मुदत संपलेल्या मालासोबत त्या जातील. पण दरेक गावाला औषधाच्या दुकानात बहीण नसते, आणि ही गोष्ट नगरपंचायतीनं मनावर घ्यावी असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, नगराध्यक्ष दाढीला येतात, सांगतो.

निघताना त्यानं पुठ्ठा आणि जाड पेन काढलं. आरशाशेजारी लावायला लिहून दे म्हणाला, तुझ्या भाषेत नको, मी सांगतो तसं लिही. त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं: उरलेली अर्धी पुडी घरी न्यायला मिळणार नाही. भुवयांना डाय लावला जाणार नाही. एकदा खाज आली असेल तर आधी सांगा. लेकरानं डाय खाल्ला तर ओकारी काढू नका, 108 लावा, पुडी सोबत न्या. मन फार उदास असेल तर 14416.

कानामागच्या ठिपक्याची ओळ मी स्वतःहून लिहायला घेतली तेव्हा त्यानं पेन काढून घेतलं. ती राहिली. यात्रेच्या आधी पुन्हा जाणार आहे, तेव्हा तिच्यावर बोलू.